गुडघ्यांचा वर्ग आणि पोटातले जिवाणू

गुडघे झिजलेल्या माणसांना योगासनं शिकवणाऱ्यांच्या हाती अलीकडे एक मोहात पाडणारं विधान आलं आहे: आसनांनी आतड्यातले जिवाणू सुधारतात आणि म्हणून गुडघा दुखायचा थांबतो. हे वाक्य वर्गाच्या फलकावर लिहायला मी तयार नाही. पण वर्ग कसा घ्यावा हे ठरवताना त्यामागचं संशोधन बाजूला सारूनही चालत नाही. ‘गादी झिजली, आता काय व्हायचं’ म्हणणारा माणूस सांध्याला बिजागरी समजतो. ते निम्मंच खरं. स्थूल माणसांमध्ये हाताच्या बोटांचे सांधेही जास्त झिजतात, आणि बोटांवर काही कुणी उभं राहत नाही. वजनाच्या ओझ्याखेरीज रक्तातून फिरणारा दाहही सांध्याला गाठतो. त्या दाहाचा एक उगम आतड्यात असावा, हा संशय म्हणून रास्त ठरतो.

रॉटरडॅममधल्या चौदाशेहून अधिक लोकांच्या, २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आतड्यात स्ट्रेप्टोकोकस जिवाणू जास्त असलेल्यांचे गुडघे जास्त दुखत होते. पण कोण कुणामुळे, हे अशा एकवेळच्या मोजणीतून कळत नाही. दुखणारा माणूस कमी चालतो, वेदनाशामक गोळी घेतो आणि तिच्या जोडीला पित्ताची गोळी घेतो. पित्ताच्या काही गोळ्यांनीही आतड्यात स्ट्रेप्टोकोकस वाढतात. त्यापेक्षा मोलाचा अभ्यास नॉटिंगहॅमचा, २०२१ चा. सांधेदुखीच्या ७८ जणांपैकी जवळपास निम्म्यांनी सहा आठवडे घरीच रोज पंधरा मिनिटं स्नायू बळकट करणारे व्यायाम केले. त्यांच्या वेदना आणि रक्तातला दाह कमी झाला, ब्युटिरेटसारखी दाह शमवणारी आम्लं बनवणारे जिवाणू वाढले. ती योगासनं नव्हती, हे सांगायलाच हवं. इलिनॉयमध्ये २०१८ साली निरोगी माणसांवर झालेल्या प्रयोगाने आणखी एक गोष्ट दाखवली: व्यायामाने आतड्यात झालेले बदल, व्यायाम सोडून सहा आठवडे बसून काढल्यावर बहुतेक ओसरले.

आक्षेप सरळ आहे. मांडीचे स्नायू बळकट झाले की गुडघ्याला आधार मिळतो, मन शांत झालं की वेदना कमी जाणवते. मग जिवाणू मध्ये कशाला? बोस्टनच्या टफ्ट्स विद्यापीठाने २०१६ साली २०४ रुग्णांवर ताई-चीची तुलना फिजिओथेरपीशी केली. वेदना दोन्हींनी सारख्याच कमी झाल्या, नैराश्य मात्र ताई-चीने अधिक उतरलं, आणि या निष्कर्षाला जिवाणूंची गरज पडली नाही. आक्षेप मला मान्य आहे. शिवाय रॉटरडॅमच्या आतड्याचा हिशेब पुण्याच्या खराडीतल्या वर्गाला जसाच्या तसा लागूही होत नाही: पुण्याच्याच राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातल्या संशोधकांनी २०१६ साली दाखवलं, की भारतीयांच्या पोटात प्रेव्होटेला आणि मेगास्फेरा या जिवाणूंचं प्रमाण जास्त असतं. भाकरी, डाळ, उसळ खाणाऱ्या पोटाचे नियम वेगळे असणारच.

तरीही शिकवणाऱ्याला यातून एक गोष्ट मिळते, ती आसनाच्या निवडीबद्दल नाही, वेळापत्रकाबद्दल आहे. बदल ओसरत असतील, तर रविवारचा दीड तासाचा वर्ग रोजच्या पंधरा मिनिटांपुढे कमी पडतो. अय्यंगार पद्धतीच्या एका छोट्या अमेरिकी चाचणीत, २००५ साली, आठवड्याला एकदा दीड तास असाच क्रम होता. वेदना कमी झाल्या, पण शेवटी हिशेबात सातच जण उरले. खराडीतल्या ईऑन आयटी पार्कच्या पाळ्यांवर चालणाऱ्या घरात आणि नगर रस्त्याच्या वाहतुकीत रोज वर्गाला या म्हणणं व्यर्थ आहे. इथे बी. के. एस. अय्यंगारांनी पुण्यात घडवलेली साधनं कामी येतात. खुर्ची, पट्टा आणि वीट असली, की न वाकणाऱ्या गुडघ्यालाही घरी काम देता येतं. वज्रासन आणि पद्मासन दुखऱ्या गुडघ्याला मी देत नाही, कितीही पारंपरिक असोत. दंडासनात गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून मांडी आवळणं, ओट्याला धरून टाचा उचलणं, खुर्चीला टेकून वीरभद्रासन, आणि शेवटी पाय खुर्चीवर ठेवून शवासन, एवढं कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंतही उरकतं.