एक अनुस्वार

आजोबा लालबागला गिरणीत होते. १९८२ च्या संपातली त्यांची वही अजून घरी आहे. १९६२ च्या नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. आजोबांच्या हातून मात्र ते सुटले नाहीत.

'पायथन' ही संगणकभाषा २००८ साली बदलली, तेव्हा जुने लेखन नवे करून देणारा 'टू-टु-थ्री' नावाचा प्रोग्राम सोबत होता. तो 'प्रिंट'ला कंस घाली. भागाकाराला मात्र हात लावीत नसे. पाच भागिले दोन जुन्या भाषेत २, नव्या भाषेत २.५! लिहिणाऱ्याच्या मनात कोणते उत्तर होते, हे यंत्राने कसे ठरवावे?

मीही वहीसाठी तसा प्रोग्राम लिहिला. एवढा संयम मात्र त्यात ठेवला नाही. 'नाहीं'चे 'नाही' झाले, 'घरांत'चे 'घरात'. जुन्या लेखनात घर एक असो वा अनेक, 'घरांत'च लिहीत, हे ध्यानात आले नाही. आजीला वाचून दाखवले : "आज घरात चूल पेटली नाही."

आजी म्हणाली, "एका घरात नव्हे रे, चाळीतल्या सगळ्याच घरांत!"

तो अनुस्वार मी हाताने परत दिला.