कापले गेलेले पैसे त्या वेळी कुठे असतात?

‘पैसे माझ्या खात्यातून गेले, समोरच्याच्या खात्यात पोहोचले नाहीत, मग मधल्या वेळात ते असतात तरी कुठे?’ डेटाबेस हा विषय शिकवताना हा प्रश्न दरवर्षी कुणी ना कुणी विचारतेच. पाठ्यपुस्तकातील बहुतेक प्रश्नांपेक्षा मला तो अधिक मोलाचा वाटतो, कारण पाठ्यपुस्तकाच्या व्याख्येत त्याला जागाच नाही. तेथे व्यवहार अविभाज्य असतो: एक तर तो पूर्ण घडतो, नाही तर घडलेलाच नसतो. थिओ हेर्डर आणि आंद्रेआस रॉयटर यांनी १९८३ मध्ये व्यवहाराच्या चार गुणांना ‘ॲसिड’ हे आद्याक्षरी नाव दिले. त्यातील पहिले अक्षर याच अविभाज्यतेचे.

एका बँकेच्या एका डेटाबेसमध्ये हे वचन पाळता येते. दोन्ही खात्यांच्या नोंदींना क्षणभर कुलूप लावायचे, बदल आधी लॉगमध्ये लिहायचे, मध्येच वीज गेली तर लॉग वाचून अर्धवट काम पुसून टाकायचे. खाती दोन वेगळ्या बँकांत असली की पेच सुरू होतो. त्यावरचा जुना उपाय म्हणजे ‘टू-फेज कमिट’. जिम ग्रे यांनी १९७८ च्या टिपणांत त्याचे विवेचन केले आहे. समन्वयक आधी सर्वांना विचारतो, ‘तयार आहात का?’ सर्वांचा होकार आला की म्हणतो, ‘आता करा.’ होकार देऊन बसलेल्या बँकेला मधल्या काळात त्या नोंदींचे कुलूप काढता येत नाही, आणि नेमका तेव्हाच समन्वयक बंद पडला तर ती ताटकळत राहते. तिला पुढे जाता येत नाही आणि मागेही फिरता येत नाही.

यूपीआय २०१६ मध्ये सुरू झाले. ऑगस्ट २०२३ मध्ये त्यावरील व्यवहारांनी एका महिन्यात प्रथमच १००० कोटींचा टप्पा ओलांडला. म्हणजे सेकंदाला सरासरी साडेतीन हजारांहून अधिक. एवढ्या वर्दळीत शेकडो बँकांनी एकमेकींसाठी कुलपे धरून बसणे परवडणारे नाही. म्हणून व्यवहाराचे तुकडे होतात. आधी देणाऱ्याच्या बँकेत रक्कम नावे पडते, तिची बातमी नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनच्या मध्यवर्ती यंत्रणेकडे जाते आणि मग घेणाऱ्याच्या बँकेत ती जमा होते. प्रत्येक तुकडा आपापल्या बँकेत अविभाज्य असतो. अख्खा व्यवहार मात्र तसा नसतो.

हा घाट ‘सागा’ या आकृतिबंधाचा आहे. प्रिन्स्टन विद्यापीठातील हेक्टर गार्सिया-मोलिना आणि केनेथ सेलम यांनी १९८७ मध्ये तो मांडला. मुळात तो एकाच डेटाबेसमधील दीर्घकाळ चालणाऱ्या व्यवहारांसाठी होता. विखुरलेल्या सेवांच्या जगाने तो पुढे उचलला. कल्पना सरळ आहे. प्रत्येक पायरीसाठी तिची भरपाई करणारी एक उलट पायरी आधीच लिहून ठेवायची. चौथी पायरी फसली तर तिसरी, दुसरी, पहिली यांच्या भरपाया उलट क्रमाने चालवायच्या. ज्यांनी दुकानाची खतावणी पाहिली आहे, त्यांना यात नवे काही वाटणार नाही. चुकीची नोंद कुणी खोडत नाही, तिच्याखाली उलट नोंद करतो. वहीत मग दोन्ही नोंदी राहतात, आणि ‘काही घडलेच नाही’ असे कुणालाच म्हणता येत नाही.

पायऱ्यांचा क्रमही योगायोगाचा नाही. नावे पडलेली रक्कम परत करता येते, कारण ती व्यवस्थेच्याच ताब्यात असते. जमा झालेली रक्कम मात्र घेणारा पुढच्याच मिनिटाला एटीएममधून काढू शकतो, आणि त्यापुढे भरपाई कागदावरच उरते. म्हणून परत फिरवता येणारी पायरी आधी आणि न फिरवता येणारी शेवटी. विद्यार्थ्यांना मी सांगतो, सागाची सारी अक्कल या क्रमात आहे.

खरी अडचण नकाराची नसून मौनाची असते. घेणाऱ्याच्या बँकेकडून ठरलेल्या वेळेत उत्तरच आले नाही, तर रक्कम जमा झाली नाही असे मानायचे, की जमा झाली पण निरोप वाटेत हरवला असे? घाईने पैसे परत केले आणि जमाही झालेली असली, तर एकाच रकमेचे दोन धनी होतात. म्हणून प्रत्येक व्यवहाराला आपला संदर्भ क्रमांक असतो. तोच क्रमांक घेऊन तीच मागणी दहा वेळा आली तरी परिणाम एकदाच झाला पाहिजे, आणि उरलेला गोंधळ दोन्हीकडच्या नोंदी ताडून सोडवायचा.

गेल्या पावसाळ्यात एका रेल्वे स्थानकाबाहेर फळवाल्याचा साउंडबॉक्स बोललाच नाही. ग्राहक पडद्यावरची कापलेली रक्कम दाखवत होता, फळवाला मान हलवत होता. शेवटी ग्राहकाने पुन्हा पैसे पाठवले. यंत्राने पुन्हा प्रयत्न केला तर क्रमांक जुनाच राहतो. माणसाने केला की नवा क्रमांक, नवा व्यवहार. आकृतिबंधाचे संरक्षण अंगठ्यापाशी संपते.

याचसाठी मला रिझर्व्ह बँकेचे २० सप्टेंबर २०१९ चे परिपत्रक कोणत्याही आकृतीइतकेच वाचनीय वाटते. यूपीआयवरून एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पाठवलेली रक्कम जमा होऊ शकली नाही, तर ती व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत गेली पाहिजे. त्यापुढे विलंब झाल्यास दररोज १०० रुपये, तेही ग्राहकाच्या तक्रारीची वाट न पाहता. दुकानदाराला दिलेल्या पैशांसाठी ही मुदत पाच दिवसांची आहे. भरपाईची पायरी किती वेळात चालली पाहिजे, हे आज्ञावलीने सांगितलेले नाही. ते नियमाने सांगितले आहे.

तरीही एक फट राहतेच. सागामध्ये मधली स्थिती जगाला दिसते. मुदतीच्या आत पैसे परत आले, पण त्याच रात्री कर्जाचा हप्ता खात्यात पुरेशी शिल्लक नाही म्हणून परत गेला, तर त्या दंडाची उलट पायरी कुणी लिहिलेली नसते. महिनाअखेरीस शे-दोनशे रुपयांवर दिवस काढणाऱ्याला हा तपशील नगण्य नाही.

मुलाखतींच्या तयारीत विद्यार्थी १९९४ च्या प्रसिद्ध ग्रंथातील तेवीस आकृतिबंधांची नावे घोकतात, याची मला थोडी चीड येते. ही संकल्पना ज्यांच्याकडून सॉफ्टवेअरवाल्यांनी घेतली, ते क्रिस्टोफर अलेक्झांडर वास्तुरचनाकार होते, आणि त्यांच्या १९६४ च्या पुस्तकातील सविस्तर उदाहरण एका भारतीय खेड्याच्या मांडणीचे आहे. तेथे भर आहे तो कोणती गरज कोणत्या गरजेशी झगडते, यावर.

हल्ली प्रात्यक्षिकात मी व्यवहाराची पायरी लिहिण्याआधी तिची उलट पायरी लिहायला लावतो. नावे, जमा, तिकीट राखणे, सारे सुरळीत जाते. ‘ग्राहकाला एसएमएस पाठवला’ या पायरीशी वर्ग थबकतो. पाठवलेला संदेश परत घेता येत नाही, म्हणून बहुतेक जण दुसरा संदेश लिहितात: रक्कम परत जमा झाली आहे. यंदा मागच्या बाकावरच्या एका विद्यार्थिनीने विचारले, ‘सर, दुसरा संदेश पहिल्याच्या आधी पोहोचला तर?’ तो प्रश्न पुढच्या आठवड्याचा गृहपाठ आहे.