आग्यामाशीबाई, सा. न. वि. वि.

ती. स्व. आग्यामाशीबाई यांस,
जिंतूर तालुक्यातल्या एका कोरडवाहू शेतकऱ्याचा साष्टांग नमस्कार. नमस्कार लांबूनच करतो, राग मानू नये. तुमच्याजवळ जाऊन वाकायची आमच्या घराण्यात पद्धत नाही.

पत्रास कारण की पाडवा होऊन गेला, तरी ओढ्याकाठच्या उंबरावर यंदा तुमचं मोहोळ दिसलं नाही. एरवी करडई पिवळी व्हायला लागली की तुमचा मुक्काम पडायचा आणि मृगाच्या आधी हलायचा. पाहुणे न सांगता आले तर घरात कुरकुर होते. तुम्ही न सांगता यायचं थांबवलंत, तर विचारायचं कुणाला? म्हणून हा कागद.

इकडे सर्व क्षेम आहे. असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. ज्वारीची काढणी उरकली. हरभऱ्याचा भाव विचारू नये. कडुलिंब फुलानं पांढरा झालाय. पाडव्याला आम्ही त्यातली चिमूटभर फुलं गुळाशी कालवून खाल्ली, बाकी सगळी झाडावर तुमच्यासाठीच आहेत. करंजही फुलायच्या बेतात आहे. गावरान आंब्याला कैरी चांगली धरली. त्याचं श्रेय तुम्हाला देणार होतो, पण मोहोरावर तुमच्यापेक्षा साध्या माश्यांचा राबता जास्त असतो असं जाणकार सांगतात. खरं ते लिहिलेलं बरं. उगाच गोड बोललेलं तुम्हाला खपत नाही.

आमच्या आज्याचा तुमच्याशी व्यवहार होता. अंधाऱ्या रात्री तो गवताची चूड पेटवून झाडावर चढायचा आणि पोळ्याखाली ती झटकायचा. ठिणग्या खाली पडल्या की तुमचा थवा त्यांच्यामागे खाली जायचा, तेवढ्यात हा वरच्या कोपऱ्यातला मधाचा भाग कापून घ्यायचा. पिल्लांचा भाग तो सोडायचा. हे दयेपोटी की पुढच्या साली परत मिळावा म्हणून, ते त्यानं कधी सांगितलं नाही. मध फडक्यातून गाळून बरणीत, मेण जोडे शिवणाऱ्याकडे, आणि सुजलेला आजा घोंगडीवर. चार दिवस डोळे उघडायचे नाहीत, पण तक्रार नसायची. आजी मात्र तुमच्या नावानं बोटं मोडायची. ती बरणी कुलपात ठेवणारीही तीच.

मी तुम्हाला दिवसाउजेडी, पण बेतानं अंतर राखून पाहिलंय. फांदीखाली लोंबणारं एकच मोठं पोळं, त्याला ना भिंत ना छप्पर; तुमच्याच अंगांचा थर वरून पांघरलेला. गांधीलमाशी जवळ आली की त्या थरावर लाट उठते. एकीनं शेपूट उचललं की शेजारणीनं, मग तिच्या शेजारणीनं, अशी चकाकी या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकते आणि गांधीलमाशी तोंड फिरवून जाते. फूल कुठं सापडलं हे मधमाशी नाचून सांगते, हे कार्ल फॉन फ्रिश यांनी उलगडलं. त्यांनी जर्मनीत म्युनिकला बरंच काम केलं आणि 1973 साली त्यांना नोबेल मिळालं. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं: नाचाचा अर्थ तिकडे लागला, पण तुमचा नाच उघड्या आभाळाखाली, आमच्या उंबरावर चालत होता.

आता गाऱ्हाणी. आधी आमचं. तुम्ही हल्ली पाण्याच्या टाकीला, शाळेच्या छताला, कचेरीच्या सज्जाला लटकता. मग कुणी पाचोळा पेटवतो, धूर वर जातो आणि दुसऱ्या दिवशी पेपरात ‘मधमाश्यांचा हल्ला’. अंत्ययात्रेला आलेली माणसं मयत तिथंच टाकून पळाल्याच्या बातम्या आम्ही वाचल्यात. बाई, धुराचा एवढा राग बरा नव्हे. शेकडो डंख बसले तर माणूस दगावतो, आणि डंख मारणारी तुमची कामकरीणही जगत नाही. यात कुणाचं भलं झालं?

तुमचंही गाऱ्हाणं असेल. ते मीच लिहितो, कारण तुम्ही अर्ज करत नाही. तुम्हाला उंच झाड लागतं. वड, पिंपळ, उंबर, जुना गावरान आंबा. ती झाडं आम्ही बांधावरून काढली. सावलीनं पीक बसतं म्हणून काढली, भाऊवाटणीत बांधच नको म्हणून काढली, आणि आंबा तर वीटभट्टीला गेला. शेंदऱ्या, शेप्या, गोट्या अशी त्या आंब्यांची नावं; आढीत हात घातला की वासावरून झाड ओळखू यायचं. आता केशरच्या कलमांच्या रांगा आहेत, डोक्याएवढ्या. कलमांना माझा विरोध नाही, पैसा त्यातच आहे. पण त्यांवर तुम्ही कुठं टांगणार? म्हणून टाकीवर गेलात. आणि तिथं गेलात म्हणून रात्री औषध मारणारा माणूस बोलावला जातो.

पिकांचंही तसंच झालं. 1972 साली परभणीला कृषी विद्यापीठ आलं, तेच आता वसंतराव नाईकांच्या नावानं चालतं. त्यांच्या करडईच्या एका वाणाचं नावच ‘परभणी कुसुम’. ती काटेरी करडई फुलली की शेतात पाय ठेवायला जागा नसे आणि तुम्हाला मात्र पंगत. पण काढणीला हात रक्ताळतात, मजूर मिळत नाही, म्हणून करडई आटत गेली. तिच्या जागी हरभरा, आणि खरिपात जिकडंतिकडं सोयाबीन. ही दोन्ही पिकं आपल्या फुलात आपणच फळतात. त्यांना तुमची गरज नाही. कापसाला तुम्ही जाता, पण त्यावर फवारा किती वेळा बसतो हे तुम्हाला मी काय सांगावं.

गरज पडते ती कांद्याच्या डोंगळ्याला. त्या पांढऱ्या गोंड्यातल्या फुलाचे परागकण आधी झडतात आणि त्याच फुलाचं स्त्रीकेसर मागाहून तयार होतं. कुणीतरी या फुलावरून त्या फुलावर गेल्याशिवाय बी भरत नाही. मग शेतकरी गुळाचं पाणी शिंपडतात, परगावाहून पेट्या भाड्यानं आणतात. पोरींना हुसकून लावायचं आणि नंतर आमंत्रणपत्रिका छापायच्या, असला हा मामला.

तुमचा शेजारी तितरही आता कमी ऐकू येतो. चैत्रात उजाडायच्या आत बांधावरून त्याची ‘कतीतर, कतीतर’ सुरू व्हायची. तो घरटं करायचा बांधाच्या गवतात, खायचा वाळवी आणि तणाचं बी. पूर्वी पिंजऱ्यातला पाळीव तितर ओरडायला ठेवून रानातला फासात धरत. 1972 चाच वन्यजीव संरक्षण कायदा. आज तितर मारणं गुन्हा आहे आणि ते योग्यच आहे. पण फासानं गेले नसतील तेवढे तितर बांध नांगरल्यानं आणि तणनाशकानं गेले, असं माझं मत आहे. त्यावर कलम नाही.

सरकारचं तुमच्या जातीकडे लक्ष नाही, असं मात्र म्हणता येणार नाही. पुण्यात 1962 पासून मधमाशीसाठी केंद्रीय संस्था आहे. महाबळेश्वरजवळचं मांघर 2022 साली देशातलं पहिलं ‘मधाचं गाव’ झालं. खादी ग्रामोद्योग मंडळाची मधकेंद्र योजना आहे, तिच्यात निम्मं अनुदान मिळतं. पण हा सगळा थाट पेटीत राहणाऱ्या सातेरी नि मेलिफेरा बहिणींचा. तुम्ही पेटीत राहत नाही. बंद जागेत पोळं बांधणं तुमच्या स्वभावात नाही, म्हणून लाभार्थींच्या यादीत तुमचं नाव येत नाही. तुम्हाला पाळायचं तर झाड पाळावं लागतं, आणि झाड पाळायला अनुदानाची पेटी कुठून आणणार?

तेव्हा विनंती अशी. उंबर अजून उभा आहे. यंदा ओढ्यातलं पाणी आटलं होतं हे कबूल. पुढच्या हंगामाआधी तिथं दगडी डोण भरून ठेवतो. करडईचे चार तास बांधाकडेला पेरीन, काट्यांसकट. फवारा सांज झाल्यावर मारीन. तुम्ही चांदण्या रात्रीही कामाला निघता असं वाचलं. त्याला आमचा इलाज नाही, पौर्णिमेला जरा जपून असावं.

हे पत्र अनावृत आहे, त्यामुळे वाटेत चार जण वाचणारच. त्यांना दोन शब्द. टाकीवर मोहोळ दिसलं तर खाली जाळ करू नका, पोरांना दगड मारू देऊ नका आणि औषधवाल्याला फोन करायची घाई करू नका. हंगाम संपला की त्या आपण होऊन जातात. अगदी शाळेच्या दारातच असेल, तर रात्री ते सुखरूप काढणारा जाणता माणूस शोधा. आणि बांधावरच्या जुन्या आंब्याचा सौदा करायला भट्टीवाला आला, तर त्याला चहा पाजा आणि रिकाम्या हातानं परत पाठवा.

कळावे, लोभ आहेच, तो (लांबूनच) वाढावा.

आपला,
उंबराचा मालक, सातबाऱ्यापुरता