धुळीचा तराजू

झरोक्यांतून घरांत उतरलेल्या उन्हाच्या तिरिपेंत धुळीचे जे कण तरंगतांना दिसतात, त्यांतील एकेका कणास आपल्या पूर्वजांनीं 'त्रसरेणु' असें नांव दिलें होतें. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत वजनांचें जें कोष्टक आहे, त्याचा आरंभच या त्रसरेणूपासून होतो. आठ त्रसरेणूंची एक लिक्षा, तीन लिक्षांची एक काळी मोहरी, तीन काळ्या मोहऱ्यांची एक पांढरी मोहरी, सहा पांढऱ्या मोहऱ्यांचा एक यव आणि तीन यवांची एक गुंज. हिशेब केला तर एका गुंजेंत १२९६ त्रसरेणु भरतात. ज्या कोष्टकानें सोनें मोजावयाचें त्याच्या पायाशीं धुळीचा कण असावा, ही कल्पना आम्हांस नेहमींच मोठी मौजेची वाटत आली आहे. परंतु पुढें एक दिवस खुद्द धूळच सोन्याहून जपून तोलावी लागेल, हें त्या कोष्टककाराच्या स्वप्नांतहि आलें नसेल.

तो दिवस आतां येऊन ठेपला आहे. गुंजेचें वजन सुमारें १२० मिलिग्रॅम धरलें, तर त्या कोष्टकाप्रमाणें एक त्रसरेणु ९३ मायक्रोग्रॅमांच्या आसपास येतो. आणि आपल्या देशांत २००९ सालीं ठरलेल्या मर्यादेप्रमाणें एक घनमीटर हवेंत, अडीच मायक्रोमीटर किंवा त्याहून बारीक अशा कणांचें चोवीस तासांचें सरासरी वजन ६० मायक्रोग्रॅमांपेक्षां अधिक असतां कामा नये. म्हणजे एवढ्या हवेंत पुरता एक त्रसरेणूहि चालावयाचा नाहीं! जागतिक आरोग्य संघटनेनें २०२१ सालीं सुचविलेली मर्यादा तर १५ मायक्रोग्रॅमांची, म्हणजे त्रसरेणूच्या सहाव्या हिश्शाची आहे. मनुष्याच्या केंसाच्या जाडीच्या तिसाव्या हिश्शाएवढे हे कण सुटे डोळ्यांस दिसत नाहींत, आणि श्वासाबरोबर फुप्फुसांत खोलवर जातात. जें दिसत नाहीं तें तोलावयाचें कसें, आणि तोललें म्हणून कोणी सांगितलें तर त्यावर विश्वास किती ठेवावयाचा, एवढाच प्रश्न येथें विचारांत घ्यावयाचा आहे.

हा प्रश्न आमच्या घरीं पुस्तकांच्या वाटेनें आला नाहीं. तो आमच्या मातोश्रींच्या दम्याच्या वाटेनें आला. पुण्यांतील आमच्या घराला लागून असलेल्या जागेंत मोठें बांधकाम सुरू झालें, आणि थोड्याच दिवसांत आमच्या चिरंजीवांनीं हवेंतील सूक्ष्मकण मोजणारी एक तळहाताएवढी डबी आणून गॅलरींत टांगली. तेव्हांपासून घरांत त्या डबीचें राज्य सुरू झालें. आंकडा वर गेला कीं खिडक्या बंद आणि मातोश्रींचें पहाटेचें देवदर्शन रहित! हिंवाळा लागला, सकाळचें धुकें पडूं लागलें, आणि आंकडा रोज पहाटे वरच राहूं लागला. दोन आठवडे घरांत कोंडून घेतल्यावर एके दिवशीं त्या आम्हांस म्हणाल्या, "अरे, सोनाराकडे गेलें कीं आपण आधीं रिकामीं पारडीं बघतों. या डबीचीं पारडीं कधीं कोणी बघितलीं आहेत का?"

प्रश्न बिनतोड होता. त्याचें उत्तर शोधूं लागल्यावर पहिली गोष्ट कळली ती ही कीं, ही डबी कांहीं तोलतच नाहीं. तिच्या पोटांत एक लहानसा पंखा हवा ओढून घेतो. त्या हवेवर लेसर-किरणाची तिरीप पडते. वाटेंतील कण तो प्रकाश इकडे तिकडे फेंकतात, आणि बाजूला बसविलेला एक प्रकाशग्राही तुकडा ती चमक टिपतो. झरोक्यांतील त्रसरेणु आपण पाहतों तोच हा प्रकार. फक्त झरोक्याच्या जागीं लेसर आणि डोळ्याच्या जागीं विजेचा तुकडा. चमकेवरून कणाचा आकार, आकारावरून घनफळ, आणि घनफळास मानीव घनतेनें गुणून वजन, अशी ही अनुमानांची शिडी आहे. कण वाटोळा आहे, त्याची घनता अमुक आहे, त्याचा रंग तमुक आहे, असें कारखान्यांत एकदां धरून चाललेलें असतें. चुलीची काजळी, सिमेंटची धूळ आणि समुद्रावरचें मीठ यांना हें गृहीत कोण समजावून सांगणार?

खरें तोलणें निराळेंच आहे, आणि तें पाहण्यासारखें आहे. तेथें हवा एका नळीवाटे तासाला एक घनमीटर अशा ठराविक वेगानें ओढतात. वाटेंत तिला एकदम वळण देतात. जड कण वेगाच्या भरांत वळूं शकत नाहींत व समोर आदळून तेथेंच राहतात. बारीक कण हवेबरोबर वळून पुढें जातात. अडीच मायक्रोमीटरची ही सीमा चाळणीच्या भोंकासारखी रेखीव मात्र नव्हे. त्या मापाच्या कणांपैकीं निम्मे पार होतात आणि निम्मे अडतात, एवढाच तिचा अर्थ. पार झालेले कण ४७ मिलिमीटर व्यासाच्या टेफ्लॉनच्या गाळणीवर बसतात. हवा ६० मायक्रोग्रॅमांची असली, तर चोवीस तासांत त्या गाळणीवर उणापुरा दीड मिलिग्रॅम माल जमतो. तो तोलण्यासाठीं एक मायक्रोग्रॅम दाखविणारा कांटा लागतो. तोलण्यापूर्वीं गाळणी ठराविक उष्णतेच्या व ठराविक आर्द्रतेच्या खोलींत एक दिवस ठेवावी लागते, आणि तिच्यावर सांचलेली वीजहि काढून टाकावी लागते; नाहीं तर हवेंतील ओलच धूळ म्हणून तोलली जावयाची. इतक्या सोवळ्यानें मिळालेला आंकडा दुसऱ्या दिवशीं मिळतो. डबी तो क्षणांत देते. घाईच्या आंकड्यास सावकाशीच्या आंकड्याशेजारीं बसवून त्याची परीक्षा घेणें, याचेंच नांव अंशशोधन.

या परीक्षेची पहिली पायरी मातोश्रींनीं सांगितली तीच, म्हणजे रिकामीं पारडीं पाहण्याची. ती जुनी आहे. १८७५ सालीं कुलिये या फ्रेंच शास्त्रज्ञास आढळलें कीं, हवा गाळून घेतली तर दाब एकाएकीं कमी केल्यानें तींत धुकें पडत नाहीं. वाफेला थेंब धरण्यासाठीं धुळीचा कण लागतो. स्कॉटलंडांतील जॉन एटकिन यांनींहि स्वतंत्रपणें तेंच ताडलें आणि १८८० नंतरच्या दशकांत त्यावरून धूळ मोजण्याचें यंत्र बनविलें. अदृश्य कणावर पाण्याचा थेंब धरावयाचा, थेंब रेघा आंखलेल्या चकचकीत तबकडीवर पडूं द्यावयाचे, आणि भिंगांतून ते मोजावयाचे. प्रत्येक कणास पाण्याचें अंगरखें घालून त्यास दृश्य करण्याची ही युक्ति इतकी अचूक निघाली कीं, अतिसूक्ष्म कण मोजणारीं आजचीं यंत्रेंहि याच तत्त्वावर चालतात. आणि यंत्राचा खरेंपणा पाहण्याची कसोटीहि तींतच होती: कापसाच्या बोळ्यांतून गाळलेली हवा आंत सोडली असतां एकहि थेंब पडतां कामा नये. पडला, तर यंत्र कोठें तरी गळतें आहे असें समजावें.

आमच्या डबीस आम्हीं हीच कसोटी लावली. दाट गाळणींतून आलेल्या हवेंत, बंद पेटींत ठेवतांच तिनें शून्य दाखविलें. रिकामीं पारडीं समतोल होतीं. पण पारडीं समतोल असलीं म्हणून वजनें खरीं असतातच असें नाहीं. यासाठीं माहीत असलेलें वजन पारड्यांत टाकून पाहावें लागतें. कणांच्या बाबतींत असें वजन म्हणजे पॉलिस्टायरीनच्या एकसारख्या मापाच्या सूक्ष्म गोळ्या. यांतील कांहीं गोळ्या चॅलेंजर या अवकाशयानांत बनविल्या गेल्या, कारण पृथ्वीवर त्या तयार होत असतांनाच तळाशीं बसतात किंवा वर तरंगतात व त्यांचा आकार बिघडतो. ९.८९ मायक्रोमीटर व्यासाच्या त्या गोळ्या १९८५ पासून अमेरिकेच्या मानक-संस्थेनें विक्रीस ठेवल्या. मनूच्या मोहरीची जागा आतां अवकाशांत घडलेल्या मोहरीनें घेतली आहे, असें म्हणावयास हरकत नाहीं.

तरीहि धुक्यांतल्या पहाटेचें कोडें या गोळ्यांनीं सुटत नाहीं. तें उलगडतें स्वयंपाकघरांतल्या मिठाच्या बरणींत. पावसाळ्यांत मिठाला पाणी सुटतें हें प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. शुद्ध मीठ शेंकडा ७५ च्या वर आर्द्रता गेली कीं हवेंतील वाफ ओढून विरघळूं लागतें. हवेंतील कणांतहि क्षार असतात, आणि दमट हवेंत तेहि असेच फुगतात. कणाचा व्यास दीडपट झाला कीं घनफळ तिपटीहून अधिक होतें. कोरड्या खोलींत तोलणाऱ्यास हें पाणी लागत नाहीं; डबी मात्र तें धूळ समजून मोजते. अमेरिकेच्या पर्यावरण-संस्थेंतील संशोधकांनीं २०२१ सालीं अशाच एका प्रकारच्या डब्यांसाठीं एक सूत्र प्रसिद्ध केलें: डबीच्या आंकड्याला ०.५२४ नें गुणावें, सापेक्ष आर्द्रतेच्या शेंकड्याला ०.०८६२ नें गुणून तें वजा करावें, आणि ५.७५ मिळवावें. डबीनें १०० म्हटलें आणि आर्द्रता ७० असली, तर उत्तर ५२ येतें. परंतु हें सूत्र अमेरिकेच्या हवेवरून बसविलेलें आहे. तेथील मापाचा सदरा आमच्या अंगास जसाच्या तसा येईल असें समजण्याचें कारण नाहीं.

येथें घरांत मोठी गंमत झाली. सूत्र वाचतांच मातोश्रींस देवळाचा रस्ता मोकळा दिसूं लागला. सौभाग्यवतींस मात्र, काळजीपोटीं, आंकडा निम्म्यावर आणणारें हें गणित मुळींच रुचेना. आणि बांधकामाच्या कंत्राटदाराकडे आम्हीं धुळीची तक्रार नेली तेव्हां त्याच्या माणसानें दुपारच्या कोरड्या हवेंत आमच्याच डबीकडे बोट दाखविलें: "तुमचेंच यंत्र सांगतें आहे, साहेब, हवा चांगली आहे!" ज्यास जो आंकडा सोयीचा, त्यास त्या वेळीं डबी खरी. मनुष्याचा हा स्वभाव तराजूस लागलेल्या कोणत्याहि गंजापेक्षां अधिक चिवट आहे.

यावर तोड एकच होती: उत्तर पाहण्यापूर्वीं नियम ठरवून कागदावर लिहून ठेवणें. एका महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेंत गाळणीवर धूळ धरून तोलण्याची सोय होती. तेथील एका स्नेह्यांच्या कृपेनें मार्गशीर्षाचा सबंध महिना आमची डबी त्या यंत्राशेजारीं राहिली. विषम तारखांच्या नोंदींवरून आर्द्रतेसह दुरुस्तीचा नियम बसवावयाचा आणि सम तारखांवर तो पडताळून पाहावयाचा, हें आधींच लिहून आम्हीं सर्वांच्या सह्या घेतल्या. ज्या दिवसांवरून नियम बेतला त्याच दिवसांवर तो तपासणें, म्हणजे स्वतःच काढलेल्या प्रश्नांची उत्तरें देऊन परीक्षेंत पहिला येणें होय.

निकालानें कोणाचेंच पुरतें समाधान झालें नाहीं, आणि आमच्या मतें तेंच त्याच्या प्रामाणिकपणाचें लक्षण आहे. धुक्याच्या पहाटेचा आंकडा बराच खालीं आला, आणि डॉक्टरांच्या संमतीनें मातोश्रींचें देवदर्शन बहुतेक दिवशीं पुन्हां सुरू झालें. पण रात्रीं शेकोट्या पेटल्यावर व पालापाचोळा जाळल्यावर जो आंकडा वर जात असे, तो दुरुस्तीनंतरहि वरच राहिला. त्याला पाण्याची सबब चालली नाहीं. आणि कंत्राटदाराच्या माणसाचें उत्तरहि हातीं आलें. सिमेंट-वाळूची धूळ बरीचशी जाड असते. ती डबीच्या दुबळ्या पंख्यानें नीट ओढली जात नाहीं, व आंत गेली तरी पुरती मोजली जात नाहीं. जाड धूळ निराळ्या यंत्रानें धरावी लागते, आणि तिच्यासाठीं मर्यादाहि निराळी आहे. डबीचें मौन म्हणजे धुळीची निर्दोषता नव्हे. हें आम्हीं लेखी कळविलें. बांधकामाभोंवतीं हिरवें जाळें लागलें, पाणी शिंपडणें सुरू झालें, तें पुरेसें आहे कीं नाहीं हा वाद अद्याप चालू आहे.

हा नियमहि कायमचा नव्हे. लेसर मंदावतो, पंख्यावर धूळ बसते, ऋतु पालटतो; मार्गशीर्षांत बसविलेली दुरुस्ती श्रावणांत लागू पडेल असें धरून चालतां येत नाहीं. जुने दुकानदार तराजूच्या हलक्या पारड्यास पासंग बांधीत, आणि सचोटीचा दुकानदार तो वरचेवर तपाशीत असे. पासंग असणें ही लाजेची गोष्ट नाहीं. तो लपविणें ही लाजेची गोष्ट आहे. आज घरोघरीं, चौकाचौकांत हवेचे आंकडे झळकूं लागले आहेत, आणि त्यांवरून शाळा बंद ठेवणें, कामें थांबविणें असे निर्णय होऊं लागले आहेत. अशा वेळीं आंकडा किती आहे याबरोबरच तो कशाशीं ताडून पाहिला, केव्हां पाहिला, आणि कोणत्या प्रकारची धूळ त्यास मुळींच दिसत नाहीं, हें विचारण्याची संवय सुशिक्षित कुटुंबांनीं लावून घेतली पाहिजे. आंकडा मनाविरुद्ध असेल तेव्हां हें विचारणें सोपें आहे; तो मनासारखा असेल तेव्हां विचारणें कठीण, आणि खरी गरज तेव्हांच असते.