नळी घालण्याआधीचा प्रश्न



खानापुरात कुणाची तब्येत एकाएकी बिघडली की १०८ ची गाडी बेळगाव गाठते. पेशंट आयसीयूत जातो, दार बंद होते आणि घरचे बाहेरच्या बाकावर बसतात. आजाऱ्यांना भेटण्याच्या सेवेमुळे मीही त्या बाकावर पुष्कळदा बसलो आहे. फादरांना आत थोडाच वेळ सोडतात. रात्रंदिवस जवळ असते ती नर्स. म्हणून आत्म्याची काळजीही बहुतेक वेळा तिच्याच हाती असते.

आमच्या पॅरिशमधल्या एका आजींना श्वास पुरेना, म्हणून व्हेंटिलेटर लावायचे ठरले. नर्सने मोडक्या मराठीत विचारले, "आजी, देवाचं काही करायचं आहे? कुणाला बोलवू?" आजी म्हणाल्या, "रोझरी द्या. फादरांना बोलवा." नर्सने बाहेर येऊन मुलाला निरोप दिला. त्यानंतर आजी बोलल्या नाहीत, कारण नळी घातल्यावर बोलता येत नाही. फादर आले, तैलाभ्यंग झाला; हातात रोझरी होती. ती नर्स ख्रिस्ती नव्हती.

बार्तीमयाची गोष्ट आठवा. आंधळ्याला काय हवे, हे कुणालाही कळले असते. तरी प्रभूने आधी त्यालाच विचारले.

लंडनमध्ये १९६७ साली सेंट क्रिस्टोफर्स हॉस्पिस सुरू करणाऱ्या सिसिली साँडर्स आधी नर्स होत्या, पुढे डॉक्टर झाल्या. शरीर, मन, नातीगोती आणि आत्मा यांचे दुखणे वेगवेगळे काढता येत नाही, असे त्यांनी शिकवले. आपल्या जवळच्या मिरजेत डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ साली मिशन हॉस्पिटल उघडले, तेव्हा त्या कामाच्या मुळाशीही श्रद्धाच होती.

ही काळजी म्हणजे उपदेश नव्हे. नावाने हाक मारणे, पेशंटच्या भाषेत दोन शब्द बोलणे, खोटा धीर न देणे, आपला धर्म न लादणे आणि योग्य माणसाला वेळेत बोलावणे, एवढेच. इंजेक्शन देणे जसे शिकता येते, तसे हेही शिकता येते.

आपलाही वाटा आहे. फादर आले की पेशंट घाबरेल, असे म्हणून घरचे थांबतात आणि वेळ निघून जाते. तैलाभ्यंग केवळ शेवटच्या श्वासासाठी नाही. आजाऱ्याने मंडळीच्या वडिलांना बोलवावे, असे संत याकोब सांगतो. ॲडमिट करतानाच नर्सला सांगा: पेशंट ख्रिस्ती आहे, फादरांचा नंबर हा. आणि आपल्या ज्या मुली-मुलगे नर्सिंगमध्ये आहेत, त्यांना ११ फेब्रुवारीच्या जागतिक रुग्णदिनी चर्चमध्ये पुढे बोलावून त्यांच्यासाठी प्रार्थना करू या.

हे प्रभो, रात्रपाळीत जागणाऱ्या प्रत्येक नर्सला आणि डॉक्टरला विचारण्याचे धैर्य दे, ऐकण्याची सवड दे. आमेन.