मनी घरात की अंगणात?

या वसतिगृहातून शिकून बाहेर पडलेल्यांपैकी अनेकजण आज शहरांत स्थिरावले आहेत. मांजर घरात ठेवावे की बाहेर सोडावे, हा त्यांच्यासाठी आवडीनिवडीचा प्रश्न असेल. अकोले तालुक्यात, उसाच्या फडाला लागून असलेल्या आमच्या वस्तीवर तो बिबट्याचा प्रश्न आहे. विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी याच तालुक्यातील बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास केला. त्यांच्या आहारात वजनाच्या हिशेबाने सुमारे ३९ टक्के कुत्री आणि १५ टक्के मांजरे आढळली. शेळ्या त्याहून कमी. म्हणजे रात्री ओट्यावर निजणारी मनी बिबट्याला दारापर्यंत येण्याचे निमित्त ठरू शकते, आणि त्याच ओट्यावर घरातली लहान मुले खेळतात.

आईचे म्हणणे निराळे होते. “कोंडलेलं मांजर काय कामाचं? बाजरीची पोती उंदीर फस्त करतील.” त्यात खोटे काही नव्हते. उंदीर रात्री निघतात, मांजराची शिकार तिन्हीसांजेला रंगते, आणि बिबट्याचीही वेळ तीच.

अखेर तोड आईनेच काढली. दिवेलागण झाली की मनीला धान्याच्या खोलीत कोंडायचे. पोती राखली जातात आणि मनीही. दिवसा ती मोकळी असते. चिमण्यांवर टपून बसते तेव्हा हाकलावी लागते, ती कटकट वेगळीच!

ऊसतोड सुरू होऊन बिबट्यांचा आडोसा मोडतो, त्या दिवसांत दार अधिक लवकर लागते. मनी आतून नखांनी दार ओरबाडते, केविलवाणी ओरडते. “गप गं बाई,” आई अंथरुणातूनच दटावते. कडी मात्र काढत नाही.