चौकोन लुळा पडतो

सत्तर-ऐंशीच्या दशकात ज्या घरांतून सख्खी, चुलत, आते अशी भावंडं एकत्र वाढली, त्या घरांतल्या मुलांचं शिक्षण दोन ठिकाणी चालायचं. दिवसा शाळेत आणि उरलेल्या वेळात ओटीवर, अंगणात, माळ्यावर. शाळेच्या पेपरात ‘कारणे द्या’ असा प्रश्न हमखास असायचा. पण कारण शोधायची मुभा नसायची. ते गाईडमध्ये छापलेलं असे आणि जसंच्या तसं उतरवायचं असे. आपल्या शब्दांत लिहिलं की गुण कापले जायचे. घरी उलट होतं. घरी कारण कोणी सांगतच नसे.

पाठांतराला नावं ठेवायला मी बसलेली नाही. शुभंकरोतीपाठोपाठ म्हटलेल्या पावकी-निमकी-औटकीने आमच्या पिढीला आयुष्यभर साथ दिली. आजही भाजीवाल्यासमोर अडीच किलोचा हिशेब तोंडी होतो तो त्या जिवावर. पण आजोबांची पाढे घ्यायची रीत निराळी होती. एकोणतीसच्या पाढ्याला कोणी अडखळलं की ते म्हणत, “तिसाचा येतो ना? मग रडतोस कशाला?” एवढंच. पुढचं ज्याचं त्याने जुळवायचं. तीस साते दोनशे दहा, त्यातून सात गेले, दोनशे तीन. ज्याला हे उमगलं त्याला एकोणचाळीसचा आणि एकोणपन्नासचा पाढा फुकटात मिळाला. पाठ असणं आणि पाठ असलेल्यातून नवं काढता येणं, यातलं अंतर आम्हाला असं कळलं.

खरी शाळा भरायची ती दिवाळीच्या आधी. बुरुडआळीतून कामट्या यायच्या, त्या घासून सारख्या लांबीच्या करायच्या, मैद्याची खळ शिजवायची आणि किडे लागू नयेत म्हणून त्यात चिमूटभर मोरचूद टाकायचं. पारंपरिक आकाशकंदिलाला चोवीस कामट्या लागतात. चार-चार कामट्यांचे सहा चौकोन बांधायचे. एक वर, एक खाली आणि उरलेले चार मध्ये, कोपऱ्यावर उभे. कोपऱ्याला कोपरा दोऱ्याने बांधत गेलं की मधल्या जागांत आठ त्रिकोण आपोआप तयार होतात. ते कोणी बांधलेले नसतात, ते उरतात. त्या उरलेल्या त्रिकोणांचं आम्हाला भारी अप्रूप होतं.

सांगाडा उभा केला की तो गर्रकन पिळवटायचा आणि खाली बसायचा. दोरा आणखी घट्ट आवळला तरी तेच. काका शेजारी पेपर वाचत बसलेले असत. त्यांना सगळं ठाऊक होतं, पण ते इतकंच म्हणत, “कुठला भाग हलतोय तो आधी बघा.” मग एकेक भाग हाताने दाबून पाहणं आलं. चौकोनाचे दोन कोपरे दाबले की त्याचा शंकरपाळा व्हायचा. त्रिकोण मात्र कसाही दाबा, जागचा हलत नसे. मग कोणाला तरी सुचलं, की चौकोनात तिरकी कामटी घातली तर त्याचे दोन त्रिकोण होतील. ती कामटी बाजूइतकी लांब घेतली तर पुरत नाही; दोऱ्याने कर्ण मोजून कापावी लागते. वरच्या चौकोनाला घातली तरी बाजूचे हलतात. सहाही चौकोनांना घातली तेव्हा कंदील खडखडीत उभा राहिला. आणि वरच्या तिरक्या कामटीवर दिव्याचा होल्डर टांगायची सोयही झाली.

पुढे भूमितीत ‘बाबाबा कसोटी’ आली. तिन्ही बाजू ठरल्या की त्रिकोण ठरतो. वर्गाने ती सिद्धतेसकट घोकली. ज्यांनी कंदील बांधला होता त्यांना ती बोटांना माहीत होती. शाळेच्या पत्र्याच्या छपराखाली लोखंडी कैचीत सगळे त्रिकोणच का आहेत, हेही त्यांना विचारावं लागलं नाही.

अरविंद गुप्तांचं काम फार नंतर पाहिलं आणि फार जवळचं वाटलं. आयआयटी कानपूरला शिकून पुण्यात टेल्कोत नोकरी करणारा हा माणूस १९७८ मध्ये रजा घेऊन होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेला. तिथे त्यांनी आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी एवढ्याच सामानात त्रिकोण, चौकोन, मनोरे उभे केले. तिथेही चौकोन लुळा पडतो आणि त्रिकोण टिकतो. पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी कितीतरी मुलांच्या हाती हे सोपवलं.

कंदील मुलांचा आणि रांगोळी मुलींची, ही वाटणी आमच्याही घरी होती. ताईने एकदा ‘सात ते एक’ ठिपके मांडले. मधल्या ओळीत सात, मग दोन्ही अंगांना सहा, पाच, चार, असे एकापर्यंत. ठिपके किती, हे मोजायच्या आधीच ती म्हणाली, एकोणपन्नास. कसं, तर म्हणाली, “मान तिरकी करून बघ. सात ओळी, सातसात ठिपके.” खरंच होतं. आठ ते एक मांडले तर चौसष्ट. ज्या बेरजेचं सूत्र पुढे आम्ही घोकलं, ते तिने मान वाकडी करून अंगणात पाहिलं होतं. दादाला कंदिलाबद्दल ‘हुशार’ म्हटलं गेलं आणि ताईला ‘छान काढतेस हो’. हे मला आजही डाचतं. त्या अंगणांतलं किती गणित असं नुसतं सुबक हातात जमा झालं असेल!

एसटीच्या प्रवासात तिकिटाचे आकडे घेऊन कापरेकरांचा खेळ चालायचा. देवळालीचे हे शाळामास्तर द. रा. कापरेकर, त्यांनी १९४९ मध्ये ६१७४ ही संख्या जगापुढे ठेवली. कोणतेही चार अंक घ्या, सगळे सारखे नकोत. उतरत्या क्रमाने लिहा, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा, आलेल्या उत्तराला पुन्हा तेच करा. ३५२४ घेतले तर ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. मग ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. मग ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. फार तर सात पायऱ्यांत तिथे पोचताच. वजाबाकीचा एवढा सराव कुठल्याही गृहपाठाने करून घेतला नसता, आणि धाकट्याने “सगळे अंक सारखे का नकोत?” असं विचारून ११११ करून पाहिलं, शून्य आलं, तेव्हा त्याचा त्याला उलगडा झाला.

आता तयार कंदील मिळतात, तयार किल्लेही मिळतात आणि शाळेचा ‘प्रोजेक्ट’ स्टेशनरीच्या दुकानात छापून मिळतो. मुलं बदलली, असं मला वाटत नाही. मूल तासभर अडलेलं असताना शेजारी गप्प बसून पेपर वाचणारे काका कमी झाले. अडलं की आपण लगेच उत्तर देतो, किंवा मोबाइलवर शोधून दाखवतो, आणि त्यालाच मदत म्हणतो. अडण्याचा तो तास मुलाचा असतो. तो आपण काढून घेतो.

येत्या दिवाळीला घरातल्या मुलामुलींना, दोघांनाही, चोवीस कामट्या आणि दोऱ्याचं रीळ आणून द्या. सांगाडा खाली बसला तरी पंचविसावी कामटी कुठे घालायची, ते सांगू नका.